युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स : कान वादकाकडे, डोळा माईककडे

युरोव्हिजन यंग म्युझिशियन्स ही युरोपातल्या कोवळ्या वयाच्या शास्त्रीय वादकांची, ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायची स्पर्धा. १९८२ ते २०२४ या काळात या स्पर्धेच्या २१ अंतिम फेऱ्या झाल्या. दहा व्हायोलिनने जिंकल्या, पाच पियानोने, दोन सेलोने. उरलेल्या चार क्लॅरिनेट, फ्लूट, व्हायोला आणि सॅक्सोफोनने वाटून घेतल्या. इथपर्यंत नवल काही नाही. आता हीच यादी जागेनुसार फोडून बघा. सहा अंतिम फेऱ्या उघड्यावर झाल्या: २००६, २००८, २०१० आणि २०१२ च्या व्हिएन्नात राटहाउसप्लाट्झ या चौकात, २०१४ आणि २०१६ च्या कोलोनमध्ये रॉनकालीप्लाट्झ या चौकात, कॅथेड्रलच्या सावलीत. बाकीच्या पंधरा बंद सभागृहात. सभागृहातल्या पंधरांपैकी चौदा व्हायोलिन नाहीतर पियानोने नेल्या. अपवाद एकच, १९९४ ची वॉर्सा, तिथे ब्रिटनच्या नॅटली क्लाइनचा सेलो जिंकला. चौकातल्या सहांमध्ये पियानो एकदाही नाही आणि व्हायोलिन एकदाच. क्लॅरिनेट, फ्लूट, व्हायोला, सॅक्सोफोन हे चारही चौकातच जिंकले.

सहा हा आकडा लहान आहे, त्यावर सिद्धान्त उभारायला कोणी जाऊ नये. पण कारण ओळखीचं आहे. सभागृहात एकल वादकाला ऑर्केस्ट्रातून वाट काढावी लागते ती स्वतःच्या आवाजाच्या बळावर. व्हायोलिनची ई तार, म्हणजे सर्वांत उंच सुराची, सगळ्यांच्या वरून ऐकू येते. ग्रँड पियानो झाकण उघडं टाकून पन्नास-साठ जणांशी सरळ टक्कर घेतो. व्हायोलाचं (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) मुख्य गाणं मात्र नेमकं त्या पट्टीत असतं जिथे सेकंड व्हायोलिन, हॉर्न आणि क्लॅरिनेटची गर्दी असते. खालच्या तारेवरचं बारीक काम दहाव्या रांगेत पोहोचेपर्यंत पुसट होतं. उघड्या चौकात आवाज परतवायला ना भिंत ना छत. तिथे ऐकू येतं ते माईकमधून मिक्सरवर आणि मिक्सरवरून स्पीकरमध्ये. साउंड इंजिनिअरने व्हायोलाचा फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची कळ) चार डेसिबल वर सरकवला की जन्मजात अन्याय मिटला.

पियानोचं उलटं होतं. पेडल दाबल्यावर जो घुमारा येतो त्यातला मोठा हिस्सा खोली पुरवते. खोली काढून घेतली की सुरांना शेपूट राहत नाही. वाऱ्याची सरसर टाळायला माईक झाकणाच्या आत ढकलावे लागतात आणि मग तारेवर आदळणाऱ्या हातोडीची टकटक, पेडलचा ठोका, सगळं पुढे येतं. मुलगा कितीही मऊ वाजवत असला तरी ऐकणाऱ्याला तो ठोकतोय असं वाटतं. २०१८ मध्ये स्पर्धा एडिनबरोच्या अशर हॉलमध्ये, म्हणजे पुन्हा छताखाली आली आणि पहिल्याच फटक्यात पियानो जिंकला, रशियाचा इव्हान बेसोनोव. पुढच्या दोन्ही वेळा, २०२२ ला मोंपेलिये आणि २०२४ ला नॉर्वेतलं बोडो, पुन्हा व्हायोलिन. त्यामुळे हा कार्यक्रम कसा आहे असं कोणी विचारलं तर आधी विचारावं लागतं, कुठे झालेला?

चौकाची आणखी एक किंमत असते, ती म्हणजे सूर. संध्याकाळी हवा गार होत जाते तशा तारा आखडतात आणि त्यांचा सूर चढतो. फुंकवाद्यांत मात्र गार हवेत ध्वनीचा वेग कमी होतो, सूर उतरतो. हिशेब साधा आहे: तापमान एका अंशाने उतरलं की हवेच्या स्तंभाचा सूर सुमारे ३ सेंट उतरतो (अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट). वाजवत असताना श्वासाने नळी गरम राहते, त्यामुळे प्रत्यक्षात उतरण कमी. पण ज्या फुंकवाद्याला तीस-चाळीस बार (बार म्हणजे स्वरलिपीतलं तालाचं एक माप) गप्प बसायचं आहे ते थंड पडतं आणि पुन्हा आत येताना पहिला स्वर खाली लागतो. तंतुवाद्यं वर, फुंकवाद्यं खाली, आणि मध्ये दुपारच्या उन्हात लावलेला पियानो. मे महिन्यातल्या मध्य युरोपात रात्री नऊला हे हमखास घडतं. चौकातलं रेकॉर्डिंग ऐकताना एखादा ओबो (सनईच्या जातीचं फुंकवाद्य) बेसूर वाटला तर वादकाला दोष देण्याआधी पडद्यावर लोकांच्या अंगात कोट आहेत का ते पाहावं.

आता मूळ बांधणी. स्पर्धा युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची, म्हणजे देशोदेशीच्या सार्वजनिक प्रसारण संस्थांच्या संघाची. पहिली ११ मे १९८२ ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये झाली. सहा देश होते आणि पश्चिम जर्मनीचा पियानोवादक मार्कुस पावलिक जिंकला. प्रेरणा बीबीसीच्या १९७८ पासून चालू असलेल्या यंग म्युझिशियन स्पर्धेची. दर दोन वर्षांनी होते. २०२० ची तेवढी कोविडमुळे झाली नाही. वयाची अट सध्या १२ ते २१. विजेता तज्ज्ञ ज्युरी ठरवते. मोठ्या भावाच्या, म्हणजे गाण्यांच्या युरोव्हिजनच्या, फोनवरच्या मतदानाचा इथे संबंध नाही आणि ते बरंच आहे.

थेट अर्ज करता येत नाही. देशाची प्रसारण संस्था एक नाव पाठवते. कुठे राष्ट्रीय स्पर्धा घेऊन, कुठे आतल्या आत निवड करून. यात एक खाच आहे. वादक ज्या देशाचं नाव लावून उतरतो तिथे तो जन्मला असलाच पाहिजे असं नाही. ऑस्ट्रियाने सर्वाधिक, सहा वेळा, ही स्पर्धा जिंकली आणि सहाही वेळा व्हायोलिनवर. त्या सहांपैकी पाच जणांचा जन्म ऑस्ट्रियाबाहेरचा: ज्युलियन रॅखलिन व्हिल्नियसचा, लिडिया बाइख तेव्हाच्या लेनिनग्राडची, डालिबोर कार्वाय स्लोव्हाकियाचा, अलेक्झांड्रा सूम मॉस्कोची, ‘झियू हे’ चीनमधल्या चिंगदाओचा. यातले पहिले चौघे तर व्हिएन्नात एकाच गुरूकडे, बोरिस कुशनीर यांच्याकडे शिकलेले. पडद्यावर झेंडा दिसतो, पण खरी चढाओढ शिक्षकांच्या वर्गांची असते. निवेदक हे कधी सांगत नाहीत. सांगितलं तर अर्धी गंमत जाईल आणि उरलेली अर्धी वाढेल.

या कार्यक्रमावरची आमची सर्वांत मोठी तक्रार वेळेची. नऊ स्पर्धक (२०२२ ला तेवढे होते) प्रत्येकी आठ मिनिटं म्हटलं तरी सव्वा तास नुसता वाजवण्यात जातो. त्यात प्रत्येकाची चित्रफीत, निवेदन, ज्युरी आत बसलेली असताना भरायचा वेळ. म्हणून पूर्ण कन्चेर्टो (एकल वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची, सहसा तीन भागांची रचना) वाजवणं शक्यच नसतं. तीन भागांपैकी एक भाग, बहुतेकदा शेवटचा, कारण तो वेगवान असतो आणि टाळ्यांवर संपतो. रागदारी ऐकणाऱ्याला हे चटकन कळेल: आलाप नाही, जोड नाही, एकदम ‘झाला’ म्हणजे शेवटचा द्रुत भाग. बोटं कशी चालतात ते दिसतं, माणूस किती लांबचा विचार करू शकतो ते दिसत नाही. ब्रसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ स्पर्धेत अंतिम फेरीच्या वादकाला आठवडाभर वॉटर्लूजवळच्या संस्थेत फोनबिन काढून घेऊन ठेवतात, हाती पूर्वी कोणी न वाजवलेली नवी रचना देतात आणि मग ती रचना व अख्खा कन्चेर्टो ऐकतात. तिथे कोणी लपू शकत नाही. इथे लपता येतं. बीबीसीच्या स्पर्धेतही अंतिम फेरीला पूर्ण कन्चेर्टो असतो. २०१६ ला शेकू कॅनेह-मेसनने शोस्ताकोविचचा पहिला सेलो कन्चेर्टो वाजवला तेव्हा मधला संथ भाग आणि नंतरचा एकट्याने वाजवायचा लांबलचक कॅडेन्झा ऐकूनच त्याची खरी ताकद कळली. युरोव्हिजनच्या चौकटीत तो भाग कापलाच गेला असता.

त्यामुळे इथे रचनेची निवड हाच अर्धा निकाल. काही गोष्टी दरवेळी चुकतात. ब्राह्म्सचा व्हायोलिन कन्चेर्टो घेतला की पहिल्या भागात व्हायोलिन आत यायच्या आधी ऑर्केस्ट्रा एकटा दोन मिनिटांहून जास्त वाजतो; ड्वोर्जाकच्या सेलो कन्चेर्टोत हीच प्रस्तावना तीन मिनिटांच्या पुढे जाते. तेवढा वेळ कॅमेरा पोरगेल्या चेहऱ्यावर रोखलेला आणि मुलाला हात कुठे ठेवावे ते कळत नाही. प्रस्तावना कापावी तर पुढच्या प्रवेशामागचा सगळा ताण जातो. मेंडेल्सोनच्या ई मायनर कन्चेर्टोत व्हायोलिन दुसऱ्याच बारमध्ये येतं, ते टीव्हीला सोयीचं, पण पहिला भाग बारा मिनिटांच्या घरात, म्हणजे पुन्हा कात्री. शेवटचा भाग साडेसहा मिनिटांत संपतो खरा, पण तो इतका हलका आहे की एक पळता स्वर निसटला तरी काचेवर ओरखडा उमटावा तसा दिसतो. सिबेलियसच्या व्हायोलिन कन्चेर्टोचा शेवटचा भाग साडेसात मिनिटांच्या आसपास आणि दोन तारांवर एकदम वाजवायच्या दुहेरी स्वरांनी भरलेला. तो चुकला तर वाईट चुकतो, साधला तर ज्युरीला वेगळं काही सांगावं लागत नाही.

कापाकापी टाळायची असेल तर एकसंध, मुळातच आखूड रचना घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. व्हायोलिनला सँ-साँसचं इंट्रोडक्शन आणि रोंदो काप्रिचियोझो नऊ-साडेनऊ मिनिटांत संथ सुरुवात, नाचरा मध्य आणि झपाट्याचा शेवट, तिन्ही देतं. क्लॅरिनेटला वेबरचा कन्चेर्टिनो, साधारण तेवढाच लांब. फ्लूटला शामिनादचा कन्चेर्टिनो, आठ मिनिटं. राव्हेलचं त्सिगान दहा मिनिटांचं, आणि त्यात व्यवहाराचा एक फायदा दडलेला आहे: जवळजवळ पहिली चार मिनिटं व्हायोलिन एकटं वाजतं, त्यातलाही मोठा भाग सर्वांत खालच्या जी तारेवर, आणि मग हार्प हळूच आत येते. म्हणजे चार मिनिटं तालमीत बिघडण्यासारखं काही नाही, कंडक्टर नुसता उभा. अनोळखी ऑर्केस्ट्राबरोबर मोजक्या तालमी मिळणाऱ्या मुलासाठी हे सोनं आहे. जोखीम एवढीच की त्या चार मिनिटांत हाताचा कंप लपवायलाही कोणी सोबत नसतं.

तालमीचा वेळ खाणाऱ्या गोष्टी संगीताच्या नसतात, कागदाच्या असतात. वादकाची प्रत एका प्रकाशकाची, ऑर्केस्ट्राचे भाग दुसऱ्याचे. दोघांची तालमीसाठीची अक्षरं आणि बार क्रमांक जुळत नाहीत. "एच पासून घेऊ" म्हटलं की अर्धे एका पानावर, अर्धे दुसऱ्या. रचनेत काट मारली असेल तर ती प्रत्येक स्टँडवरच्या भागात पेन्सिलीने आणि सारख्याच खुणेने यायला हवी. एका सेकंड बासूनच्या (खालच्या सुराचं फुंकवाद्य) पानावर राहून गेली की थेट प्रक्षेपणात तो एकटाच वीस बार मागे राहतो. शहाणा शिक्षक बार क्रमांकांची यादी आणि काटांचा तक्ता आठवडाआधी ऑर्केस्ट्राच्या ग्रंथपालाकडे पाठवतो.

स्थिर सुरांच्या वाद्यांची गोष्ट वेगळीच. युरोपातले ऑर्केस्ट्रा ए हा स्वर ४४२ किंवा ४४३ हर्ट्झला लावतात. पियानो त्या सुराला लावून घेता येतो. अकॉर्डियनच्या आतल्या धातूच्या जिभा (रीड) ४४० ला लावलेल्या असतील तर एका दिवसात काही होत नाही. ४४० आणि ४४३ मधला फरक जेमतेम १२ सेंटचा, पण दोन्ही ए एकत्र वाजले की सेकंदाला तीन ठोके पडतात, आणि ऑर्केस्ट्राने लांब स्वर धरला की ती थरथर कोणालाही ऐकू येते. अकॉर्डियनवाल्याने वाद्याचा ए किती हर्ट्झला लावलेला आहे ते सहा महिने आधी पाहावं. गिटार आणि हार्पला सभागृहातही माईकचा आधार लागतोच. तो देताना आवाज वादकाकडूनच येतोय असा भास राहील इतपत द्यावा, नाहीतर माणूस मध्ये बसलेला आणि गिटार छतावर.

प्रक्षेपणाकडे वळू. ध्वनी एकूण चांगला असतो, कारण सार्वजनिक रेडिओचे लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. बारकावा एकच पाहायचा. वादकाच्या जवळचा माईक आणि कंडक्टरच्या मागे वर टांगलेले मुख्य माईक यांच्यात दहा मीटर अंतर असेल तर एकच स्वर मुख्य माईकवर सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. जवळच्या माईकला तेवढा विलंब दिला नाही तर सेलो ऑर्केस्ट्राच्या पुढे, जणू तुमच्या मांडीवर बसून वाजतोय असं वाटतं. काही वर्षांच्या मिश्रणात हे जाणवतं. दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचीच आर १२८ नावाची शिफारस आहे, अख्ख्या कार्यक्रमाची सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएसवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेवायची. शिफारस उत्तम, जाहिरातींचा आरडाओरडा तिने आटोक्यात आणला. पण ती सरासरी पाहते. निवेदकाचं बोलणं सरासरीच्या वर बसतं आणि व्हायोलिनचा कुजबुजता कॅडेन्झा कितीतरी खाली. प्रेक्षक आवाज वाढवतो, कॅडेन्झा संपतो, टाळ्या कडाडतात. रिमोट हातात ठेवून पाहण्याचा कार्यक्रम आहे हा.

कॅमेऱ्याचं काम मिश्र. चांगल्या प्रक्षेपणात दिग्दर्शकाशेजारी एक जण स्वरलिपी उघडून बसलेला असतो आणि "चार बारांनी हॉर्न" असं आधी सांगतो. तो असेल तर हॉर्न वाजताना हॉर्न दिसतो. तो नसेल किंवा एक पान चुकला असेल तर हॉर्न वाजताना फ्लूटवाली लाळ झटकताना दिसते. आणि अवघड जागी चेहऱ्याचा क्लोजअप घेण्याची खोड काही जात नाही. मिटलेले डोळे आणि घामाचा थेंब सुंदर असेल, पण शिकणाऱ्याला बघायचा असतो डावा हात.

उदाहरणादाखल एडिनबरोचा बेसोनोव. त्याने चायकोव्स्कीच्या पहिल्या पियानो कन्चेर्टोचा तिसरा भाग वाजवला. सात मिनिटांचा हा भाग शेवटाकडे दोन्ही हातांच्या ऑक्टेव्हच्या (सप्तकाच्या अंतरावरचे दोन स्वर एकदम) झंझावाताने वर चढतो आणि मग सगळा ऑर्केस्ट्रा मोठी धून उचलतो. या धावेचं दुखणं तिच्या आधीच सुरू होतं: सुरुवातीची ठसकेबाज तीन मात्रांची चाल उत्साहात थोडी जास्त पळवली की पाच मिनिटांनी मनगट ताठरतं, ऑक्टेव्हमधली करंगळी बुळबुळीत होते आणि वरचा स्वर हरवतो. शिकवणाऱ्यांनी हा भाग विद्यार्थ्यांना दोनदा दाखवावा. एकदा नुसता पाहायला, एकदा मेट्रोनोम लावून पहिल्या मिनिटाची आणि सहाव्या मिनिटाची लय ताडून पाहायला.

क्रमांकांवर फार विसंबू नये. १९८८ ला आम्स्टरडॅममध्ये रॅखलिन पहिला आला आणि पुढे जगभर वाजवला. दुसरा आला तो नॉर्वेचा लाइफ ओव्ह आन्द्स्नेस, आज पियानोवाल्यांत ज्याचं नाव पहिल्या रांगेत घेतात. १९९६ ची लिस्बनमधली विजेती युलिया फिशर तेव्हा शाळकरी वयाची होती. पण विजेत्यांच्या यादीत अशीही नावं आहेत जी युरोपाबाहेर फारशी ऐकू आली नाहीत. ते अपयश नव्हे. चांगला ऑर्केस्ट्रावादक किंवा शिक्षक होणं हेही संगीतातलंच आयुष्य.

अलीकडच्या फेऱ्या यूट्यूबवर स्पर्धेच्या अधिकृत वाहिनीवर पाहता येतात. फोनच्या स्पीकरवर पाहू नका. सेलोची सर्वांत खालची तार ६५ हर्ट्झची, व्हायोलाची १३१ ची, व्हायोलिनची १९६ ची. फोनचा स्पीकर दोनशेच्या खाली जवळपास गप्पच असतो. म्हणजे फोनवर व्हायोलिन सगळं ऐकू येतं, सेलोचा पाया गायब होतो आणि तुमची घरची ज्युरी आधीच फितूर झालेली असते. साधा तारेचा हेडफोन पुरतो. आधी २०१२ चा व्हिएन्नातला व्हायोला ऐका, नॉर्वेचा आयव्हिन होल्ट्समार्क रिंगस्टाड, मग लगेच २०१८ ची अंतिम फेरी, आणि दोन्हीकडे एकल वादक थांबल्यावर ऑर्केस्ट्राचा आवाज किती जवळ येतो तेवढंच लक्षात घ्या. चौकात तो जागचा हलत नाही.